खेळातून सूट मागायला आलेला मुलगा: किशोरवयातल्या फॅटी लिव्हरचं एक प्रकरण

१३ वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील बालरोगतज्ज्ञांकडे आले, पण यकृताचा विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता. खेळाच्या तासाला मुलाला दम लागतो, गुडघे दुखतात, म्हणून त्याला खेळातून सूट मिळावी असं प्रमाणपत्र त्यांना हवं होतं. मुलगा गप्प बसून होता. गुडघा नेमका कुठे दुखतो असं विचारल्यावर त्याने आईकडे पाहिलं आणि उत्तर आईनेच दिलं.

इथे मांडलेलं प्रकरण कुणा एका मुलाचं नाही. लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुलांना तपासताना ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या जोडून ते उभं केलं आहे. मुलाच्या तपासण्यांचे आकडे अशा मुलांमध्ये आढळतात तसे आहेत. संशोधनाचे आणि मार्गदर्शक सूचनांचे आकडे मात्र जसेच्या तसे दिले आहेत.

पहिली तपासणी

वजन ७४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २९.६. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलाचा बीएमआय साधारण २५च्या पुढे गेला की तो लठ्ठपणा मानला जातो. मोठ्यांसाठीचे आकडे मुलांना लावता येत नाहीत. मुलाचं वय आणि लिंग पाहूनच बीएमआयचा अर्थ लावावा लागतो. कंबर ९८ सेंटिमीटर होती, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून बरीच जास्त. मोजपट्टी लावायला अर्धं मिनिट पुरतं आणि पोटातल्या चरबीचा अंदाज ती वजनकाट्यापेक्षा चांगला देते. तरीही ती क्वचितच लावली जाते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

रक्तदाब १२६/७८. या वयात वरचा आकडा १२० ते १२९ असला की रक्तदाब वाढू लागल्याची नोंद करायची असते. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळसर त्वचा होती. आई म्हणाली, "कितीही घासलं तरी निघत नाही, डॉक्टर." ते निघणार नव्हतंच, कारण तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि त्वचेत हा बदल होतो. घासून घासून त्या मुलाची मान लाल झाली होती आणि आपण अस्वच्छ आहोत असं तो इतके दिवस समजत होता.

गुडघेदुखी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वजन जास्त असलेल्या किशोरवयीन मुलाचा गुडघा दुखतो तेव्हा खुबा तपासलाच पाहिजे. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्टीपासून सरकलं असेल, तर दुखणं खुब्यातलं असूनही ते गुडघ्यात जाणवतं आणि निदानाला उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडतो. या मुलाचे दोन्ही खुबे सगळ्या दिशांना मोकळे फिरत होते, लंगडणं नव्हतं. उंची वयाच्या मानाने चांगली होती. हार्मोनच्या आजारामुळे वजन वाढतं तेव्हा बहुधा उंचीची वाढ मंदावते, त्यामुळे ती शंकाही मागे पडली.

दोन वर्षांपूर्वीचा कागद

फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा एक रक्ततपासणीचा अहवाल होता, तापासाठी केलेला. त्यात एसजीपीटी, म्हणजे एएलटी, ४८ होतं. शेजारी छापलेली सामान्य मर्यादा होती ५०पर्यंत. आकड्यापुढे खूण नव्हती, त्यामुळे तो कुणाच्याच नजरेत भरला नाही.

हे सगळं प्रकरण माझ्या मते इथेच अडतं. एएलटी हे यकृताच्या पेशींमधलं विकर, पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. बहुतेक प्रयोगशाळा त्याची वरची मर्यादा ४० ते ५०च्या आसपास छापतात. ती मोठ्यांवरून ठरवलेली असते आणि त्या मोठ्यांमध्ये न कळलेलं फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, असणारेही असतात. निरोगी मुलांचा अभ्यास करून २०१०मध्ये मर्यादा काढली गेली तेव्हा ती मुलग्यांसाठी साधारण २६ आणि मुलींसाठी २२ निघाली. त्या हिशेबाने ४८ म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोन वर्षांपूर्वी हा मुलगा ११ वर्षांचा होता, लठ्ठपणा तेव्हाही होता. २०१७च्या उत्तर अमेरिकी बालयकृत मार्गदर्शक सूचना सांगतात की लठ्ठपणा असलेल्या मुलांची एएलटी तपासणी ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान सुरू करावी. वजन केवळ जास्त असून लठ्ठपणा नसेल, पण पोटाचा मोठा घेर, मधुमेहपूर्व अवस्था, झोपेतला श्वासरोध किंवा घरात फॅटी लिव्हर असेल, तर त्यांचीही. तपासणी झाली होती, आकडा कागदावर होता, पण तो मुलाच्या मापाने कुणी वाचला नाही.

या वेळी एएलटी ९४ आलं. यकृताच्या तपासणीतली आणखी दोन विकरं: एसजीओटी ५१, जीजीटी ४६. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट ठीक. उपाशीपोटी साखर ९८, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ५.८, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेत नुकतंच शिरलेलं. रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड, १८८, म्हणजे जास्त, आणि चांगलं कोलेस्टेरॉल ३४, म्हणजे कमी. सोनोग्राफीत यकृत मोठं, चकाकणारं. एएलटी ८०च्या वर गेलं की त्याच सूचना जास्त काळजीने आणि लवकर तपास करायला सांगतात, कारण अशा मुलांमध्ये चरबीबरोबर दाह, म्हणजे यकृताला आतून सूज, असण्याची शक्यता वाढते.

चरबी दिसली म्हणून निदान संपत नाही

मुलगा लठ्ठ, सोनोग्राफीत चरबी, एएलटी वाढलेलं. इथे थांबून "वजन कमी करा" म्हणणं सोपं आहे. पण लठ्ठ मुलाला यकृताचा दुसरा आजार होऊ शकत नाही असं थोडंच आहे? विल्सन आजारात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, ते यकृतात साठतं, आणि सुरुवातीला हा आजार हुबेहूब फॅटी लिव्हरसारखा दिसू शकतो. तो वेळेत सापडला तर औषधांनी आटोक्यात राहतो, सुटला तर यकृत आणि मेंदू दोन्ही जातात. स्वयंप्रतिकारक हिपॅटायटिस, हिपॅटायटिस बी आणि सी, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक आजार, थायरॉइड, स्टेरॉइड किंवा अपस्मारावरच्या व्हॅल्प्रोएटसारखी औषधं, आणि किशोरवयीन मुलाला एकट्याला बसवून विचारायचा दारूचा प्रश्न, हे सगळं पाहावं लागतं.

या मुलाचं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन, सामान्य होतं, डोळ्यांच्या स्लिट लॅम्प तपासणीत विल्सन आजारातलं तांब्याचं कडं नव्हतं, बाकीच्या चाचण्याही नकारात्मक. फायब्रोस्कॅनमध्ये, म्हणजे यकृत किती ताठर आहे हे बाहेरून मोजणाऱ्या तपासणीत, ताठरपणा ६.१ किलोपास्कल आला, मोठ्या प्रमाणात तंतुमयता, म्हणजे व्रणासारखे तंतू, नसावी असं सुचवणारा. यकृताचा तुकडा काढून तपासण्याची, बायॉप्सीची, चर्चा झाली. दाह आणि तंतुमयता नक्की किती हे अजूनही तीच सर्वांत खात्रीने सांगते. पण मुलाची प्रकृती स्थिर होती, दुसऱ्या आजाराची शंका उरली नव्हती, म्हणून आधी सहा महिने उपचार करून एएलटी कुठे जातं ते पाहायचं ठरलं. हा निर्णय मला पटतो. उपचार नीट पाळूनही आकडा वर राहिला असता, तर बायॉप्सी लांबणीवर टाकणं चुकीचं ठरलं असतं.

निदान: चयापचयाशी निगडित फॅटी लिव्हर. २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय यकृत संघटनांनी ठरवलेलं नवं नाव एमएएसएलडी, जुनं एनएएफएलडी. मुलांमध्ये हा आजार नवा नाही. लठ्ठ मुलांच्या यकृतात चरबी आणि दाह सापडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात १९८३मध्येच झाली होती. तेव्हा ती तीन मुलांची गोष्ट होती. २००६मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो परगण्यात अपघात वगैरे कारणांनी मृत्यू पावलेल्या ७४२ मुलांच्या शवविच्छेदनातल्या यकृतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयानुसार वगैरे हिशेब करून फॅटी लिव्हरचं प्रमाण ९.६ टक्के निघालं, लठ्ठ मुलांमध्ये ३८ टक्के.

आणि लठ्ठपणा स्वतः कुठे चालला आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार ५ ते १९ वयोगटात लठ्ठपणा १९९०मध्ये २ टक्के मुलांना होता, २०२२मध्ये ८ टक्क्यांना. म्हणजे सुमारे १६ कोटी मुलं. तपासणीच्या खोलीत बसलेला हा मुलगा त्या १६ कोटींपैकी एक होता. घरच्यांना मात्र तो एकट्याचा दोष वाटत होता.

घरात काय चाललं होतं

माहिती दोन भेटींत हळूहळू बाहेर आली. मुलाच्या वेळी आईला गरोदरपणातला मधुमेह होता, पुढे तो टाइप २ म्हणून कायम झाला. वडिलांना सोनोग्राफीत "थोडं फॅटी लिव्हर" सांगितलं होतं आणि त्यांनी ते विसरून टाकलं होतं. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातला एक बदल यकृतात चरबी साठण्याशी जोडलेला आहे, हे २००८पासून माहीत आहे. सारख्याच वजनाच्या दोन मुलांपैकी एकाचं यकृत स्वच्छ आणि दुसऱ्याचं चरबीने भरलेलं का, याचं थोडं उत्तर तिथे मिळतं.

मुलगा दिवसाला शीतपेयाचे ३३० मिलीचे दोन कॅन प्यायचा. एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर धरली तरी ७० ग्रॅम होते. वरून घातलेली आणि रसांमधली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २२०० कॅलरीच्या आहारात १० टक्के म्हणजे ५५ ग्रॅम. ती मर्यादा नुसत्या दोन कॅनमध्येच ओलांडली जात होती, जेवणाला हात लावण्याआधी. घरचे "रस तरी पी" म्हणून डबाबंद फळांचा रस द्यायचे, तो वेगळाच.

पेयातल्या साखरेतला फ्रुक्टोज मोठ्या प्रमाणात यकृतातच जातो आणि यकृत त्यापासून नवी चरबी बनवतं. त्याच वेळी इन्सुलिनला न जुमानणाऱ्या चरबीपेशींतून सुटलेली चरबीही रक्तातून यकृतात येऊन पडते. वयात येताना शरीर इन्सुलिनला तसंही कमी दाद देतं, हे नैसर्गिकच आहे, पण त्यामुळे हाच काळ अशा मुलांसाठी अवघड ठरतो. साठलेल्या चरबीतले काही घटक पेशींना विषारी ठरतात, दाह होतो, आणि दाह चालूच राहिला तर यकृतात तंतू पसरू लागतात. या सगळ्यात दुखत काहीच नाही. थकवा किंवा उजव्या बरगडीखाली जडपणा कधी असतो, बहुतेक वेळा तोही नसतो.

झोप रात्री एकनंतर, हातात मोबाइल. घोरणं इतकं की बहिणीने खोली बदलून घेतली होती. आणि खेळ? दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो रोज मैदानावर जायचा. शरीरावरून एक नाव पडलं आणि मग तो जायचा थांबला. आई-वडिलांना हे माहीत नव्हतं. खेळातून सूट त्यांना दम लागण्यासाठी हवी होती, त्याला कपडे बदलायच्या खोलीतून सुटका हवी होती.

खेळातून सूट दिली गेली नाही. शाळेला चिठ्ठी गेली ती वेगळी: मुलाला खेळू द्यावं, धावण्याच्या शर्यतीची वेळ मोजू नये, कपडे बदलायला आडोसा द्यावा, आणि त्याच्या शरीरावर शेरे मारणाऱ्यांना शिक्षकांनी आवरावं. या सगळ्या उपचारातलं सर्वांत महत्त्वाचं औषध हेच होतं असं मी ठामपणे म्हणेन. हिणवल्याने कुणाचं वजन उतरत नाही. उलट मूल लपून खातं, हालचाल टाळतं, डॉक्टरकडे येणं टाळतं.

उपचार

पहिला नियम घरासाठी होता, मुलासाठी नाही. गोड पेयं आणि डबाबंद रस घरात आणायचेच नाहीत, वडिलांसाठीसुद्धा नाहीत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांपैकी निम्म्यांच्या घरचा आहार आठ आठवडे बदलला आणि वरची साखर एकूण ऊर्जेच्या ३ टक्क्यांच्या खाली आणली. या गटात यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचा आहार चालू ठेवलेल्या गटात ती २१वरून २०वर गेली. त्या अभ्यासात सगळ्या घराचं जेवण बदललं होतं, हे विसरून चालणार नाही. एका ताटात वेगळं वाढून बाकीच्यांनी समोर बसून पेयं प्यायची, हे तेराव्या वर्षी कुणालाही जमत नाही.

वजन किती उतरवायचं हा प्रश्न वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारला. उंची वाढत असलेल्या मुलात वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी बीएमआय खाली येतो. म्हणून उपाशी ठेवणं, जेवण वगळणं, एकच पदार्थ खाऊन राहण्याचे आहार यांना स्पष्ट नकार दिला. घाईने उतरवलेलं वजन वाढीच्या वयात स्नायूंना आणि हाडांना महागात पडतं.

व्यायाम रोज सरासरी ६० मिनिटं, दमवणारा. मुलाने स्वतः सायकल निवडली, कारण सायकलवर त्याच्याकडे कुणी पाहत नाही असं त्याला वाटायचं. रात्री साडेदहाला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचेच. घोरण्यासाठी झोपेची चाचणी झाली, मध्यम स्वरूपाचा श्वासरोध निघाला आणि वाढलेल्या टॉन्सिलसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसी पूर्ण केल्या. आधीच दुखावलेल्या यकृताला दुसरा आजार परवडत नाही.

भेटी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी होत्या. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोग अकादमीच्या २०२३च्या सूचना सांगतात की ३ ते १२ महिन्यांत कुटुंबाला समोरासमोर २६ तास किंवा त्याहून जास्त वेळ मिळाला तर परिणाम दिसतो. दर सहा महिन्यांनी पाच मिनिटं भेटून "अजून कमी करा" म्हणण्याला उपचार म्हणता येत नाही.

औषधांचं काय? यकृतासाठी म्हणून विकली जाणारी सिरपं आणि चूर्णं आजीने आणून ठेवली होती, ती बंद केली. त्यांचा मुलांच्या फॅटी लिव्हरवर उपयोग सिद्ध झालेला नाही आणि काही वनस्पतिजन्य मिश्रणं यकृताला इजा करतात. मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०११मध्ये, मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन आणि ई जीवनसत्त्व दोन्हींनी एएलटी टिकाऊपणे उतरवण्यात नकली गोळीला मागे टाकलं नाही. ई जीवनसत्त्वाने बायॉप्सीतला दाह काही मुलांत जास्त निवळला, पण त्याचे दीर्घकाळचे परिणाम पाहता ते सर्रास दिलं जात नाही. मुलांमधल्या फॅटी लिव्हरसाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नाही.

वडिलांनी वजनाच्या इंजेक्शनबद्दल वाचलं होतं. प्रश्न रास्त होता. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुलांचा बीएमआय ६८ आठवड्यांत सरासरी १६ टक्के उतरला, आणि अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या लठ्ठपणासाठी त्याला परवानगी आहे. अशी औषधं मागणं म्हणजे आळस असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण ती थांबवल्यावर वजन परत येतं, त्यामुळे सुरू करण्याचा निर्णय अनेक वर्षांचा निर्णय असतो. या घराने अजून काहीच बदलून पाहिलं नव्हतं. औषध नाकारलं नाही, एका वर्षावर ठेवलं.

वर्षभरात

तीन महिन्यांनी वजन ७३, उंची १५९.५, एएलटी ६१. सगळे खुश. मग परीक्षा आल्या, सायकल बंद, जागरणं सुरू, आणि आजोबांच्या आजारपणात घराचं वेळापत्रकच कोलमडलं. सातव्या महिन्यात वजन ७७, एएलटी ७०. वडिलांनी मुलाला सगळ्यांसमोर बोल लावले आणि पुढच्या भेटीला तो आलाच नाही. आई एकटी आली. त्या भेटीत मुलाच्या आकड्यांवर फारसं बोलणंच झालं नाही. घरात गोड पेयं परत कधी आली, कुणी आणली, मोबाइल स्वयंपाकघरातून खोलीत कसा गेला, एवढंच शोधलं. पुढच्या वेळी वडील आले तेव्हा त्यांना त्यांची स्वतःची रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलं. त्यांचं एएलटी मुलापेक्षा जास्त निघालं. त्यानंतर संध्याकाळी सायकलींची संख्या दोन झाली.

बहिणीलाही तपासलं. ती १० वर्षांची, वजन जास्त पण लठ्ठपणा नाही. एएलटी ३४, म्हणजे मुलींच्या २२च्या मर्यादेहून वर. तीन महिन्यांनी पुन्हा करायचं ठरलं.

वर्षाअखेरीस मुलाचं वजन ७६ होतं. नुसता काटा पाहणाऱ्याला वाटेल, दोन किलो वाढले, वर्ष वाया गेलं. पण उंची १६५ झाली होती. बीएमआय २९.६ वरून २७.९, कंबर ९२, ट्रायग्लिसराइड १२८, एचबीए१सी ५.५, एएलटी ३८. मानेवरचा काळसर पट्टा फिका पडला होता. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर घोरणंही पुष्कळ कमी झालं.

सोनोग्राफी मुद्दाम पुन्हा केली नाही. यकृतात थोडीच चरबी असेल तर ती सोनोग्राफीत सुटते आणि "ग्रेड २ची ग्रेड १ झाली" यावर उपचाराचं यश ठरवता येत नाही. त्यासाठी चरबीचं प्रमाण मोजणारं खास एमआरआय लागतं. ते सगळीकडे नसतं, आणि या मुलात त्याने पुढचा निर्णय बदलला नसता.

३८ हा आकडा २६च्या वरच आहे, म्हणून आजार गेला असं कुणी म्हणत नाही. स्वीडनमध्ये बालपणी किंवा तरुणपणी बायॉप्सीने फॅटी लिव्हरचं निदान झालेल्या ७१८ जणांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. निदानापासून २० वर्षांत त्यांच्यातल्या ७.७ टक्के जणांचा मृत्यू झाला, तुलनेसाठी घेतलेल्या लोकांमध्ये हे प्रमाण १.१ टक्के होतं. बायॉप्सीपर्यंत पोचलेल्या मुलांचा आजार मुळात जास्त असतो हे लक्षात घेतलं तरी हा फरक मोठा आहे. ही माहिती आई-वडिलांना दिली, मुलासमोर वाचली नाही. त्याच्याशी बोलणं झालं ते दारू आणि सिगारेटबद्दल, पुढच्या काही वर्षांत मित्र आग्रह करतील तेव्हा काय म्हणायचं त्याबद्दल.

पुढची आखणी अशी: दर तीन ते सहा महिन्यांनी एएलटी, वर्षातून एकदा साखर आणि चरबीच्या चाचण्या, फायब्रोस्कॅन एका वर्षाने. पुढच्या वर्षात एएलटी पुन्हा ५२च्या वर, म्हणजे मर्यादेच्या दुपटीवर, जाऊन तीन महिने राहिलं तर बालयकृततज्ज्ञांकडे बायॉप्सीचा निर्णय. इंजेक्शनचा प्रश्न मुलाने या वेळी स्वतः विचारला. बीएमआय उतरायचा थांबला तर सहा महिन्यांनी त्यावर पुन्हा बसून बोलायचं, आणि त्या बोलण्यात मुलगा असेल, असं फाइलमध्ये लिहून ठेवलं आहे.